जे ऐकू येत नाही, ते फेकून द्या!

नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर व्हरायटी चौकाकडून आत शिरलं, की कुठला ना कुठला ब्लूटूथ स्पीकर कानावर आदळतोच. समजा, घासाघीस करून तुम्हीही एक घेतलात. मागे पेन ड्राइव्हची खाच आहे, मेमरी कार्डाचीही आहे. गावाकडच्या मावशीनं व्हॉट्सॲपवर म्हणून पाठवलेल्या ओव्या पेन ड्राइव्हवर टाकल्या आणि बटण दाबलं. स्पीकर मख्ख! शेजारचं सिनेमातलं गाणं मात्र दणक्यात वाजतंय. दुकानात परत जा, उत्तर तयार असतं : "भाऊ, हे एमपी-थ्री नाही ना! कन्व्हर्ट करून घ्या."

घ्या म्हणजे कशानं घ्या? कॉम्प्युटरवर शोधलं, तर ध्वनिफाइली बदलून देणारी सॉफ्टवेअर ढिगानं सापडतात. सगळी फुकट, सगळी 'सुपरफास्ट', सगळी 'एचडी'. यातलं निवडायचं कोणतं? त्याआधी एक साधा प्रश्न विचारा : 'कन्व्हर्ट' हे बटण दाबल्यावर आत नेमकं होतं तरी काय? उत्तर ऐकलंत, की निवड आपोआप सोपी होते. आणि उत्तर असं आहे, की तोंडात बोट जावं.

सुरुवात हवेपासून करू. मावशी गाते तेव्हा हवेचा दाब वरखाली होतो. मायक्रोफोन तो दाब मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. पुन्हा मोजतो, पुन्हा लिहितो. किती वेळा? सीडीसाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा! संपूर्ण गाणं म्हणजे ही आकड्यांची लांबच लांब रांग. त्यात सूर नाही, शब्द नाही, फक्त आकडे.

पण ४४,१००च का? सरळ ४० हजार किंवा ५० हजार का नाही? १९७०च्या दशकाच्या अखेरीस एवढे आकडे सलग साठवू शकेल असं एकच यंत्र सहज मिळत होतं, व्हिडिओ रेकॉर्डर. म्हणून अभियंत्यांनी आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलले आणि टीव्हीचं चित्र म्हणून टेपवर उतरवले. आता गणित बघा. अमेरिका-जपानच्या टीव्हीत सेकंदाला ६० क्षेत्रं (म्हणजे अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरता येणाऱ्या २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ आकडे : ६० × २४५ × ३ = ४४,१००. युरोपच्या आणि आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत ५० क्षेत्रं, २९४ ओळी, ३ आकडे : ५० × २९४ × ३. करा गुणाकार. पुन्हा ४४,१००! दोन वेगळ्या टीव्ही पद्धती एकाच आकड्यावर येऊन मिळाल्या, आणि तो आकडा आजही आपल्या गाण्यांत मुक्काम ठोकून आहे.

मग दोन मोजण्यांच्या मधल्या वेळेत जे घडलं, ते हरवलं का? इथे पहिला खरा धक्का बसतो. हरवलं नाही. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडलेलं गणित सांगतं, की आवाजातल्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलंत, तर मधली सगळी लाट पुन्हा उभी करता येते. अंदाजानं नव्हे, तंतोतंत. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. दुप्पट ४० हजार. थोडी मोकळी जागा धरली, की काम झालं.

प्रत्येक आकड्याला १६ बिट, म्हणजे दाबाच्या ६५,५३६ पायऱ्या. डावा आणि उजवा असे दोन आवाज. हिशेब सेकंदाला १४,११,२०० बिटांवर जातो. तासाभराचं गाणं सुमारे ६३५ एमबी! हीच ती डब्ल्यूएव्ही फाइल : प्रामाणिक, काहीही न लपवणारी आणि अवाढव्य.

आता ही फाइल लहान करायची. एकही आकडा न गमावता ती जवळपास निम्मी होऊ शकते, असं सांगितलं तर पटेल?

युक्ती अशी. हवेचा दाब एका क्षणात इथून तिथे उडी मारत नाही, त्याला एक वळण असतं. म्हणजे मागचे काही आकडे माहीत असले, की पुढचा आकडा ताडता येतो. मग अख्खा आकडा लिहायचा कशाला? अंदाज करा आणि अंदाज कितीनं चुकला एवढंच लिहा. चूक लहान असते, लहान आकड्याला जागा कमी लागते. उघडताना तोच अंदाज पुन्हा करायचा, त्यात चूक मिळवायची, की मूळ आकडा हजर.

मानवी बोलण्यासाठी ही अंदाजाची कला विकसित करणाऱ्यांत एक ठळक नाव आहे बिष्णू अटल यांचं. जन्म कानपूरचा, १९३३चा. पुढे अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी मानफ्रेड श्रोडर यांच्यासोबत १९६०च्या दशकात हे काम केलं. आणि उरलेल्या लहानग्या चुका कमी जागेत लिहायच्या कशा? ती रीत रॉबर्ट राइस यांनी नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत शोधली, अवकाशयानांकडून येणारी माहिती कमी जागेत बसवण्यासाठी! जॉश कोल्सन यांच्या ज्या फ्लॅक फॉरमॅटची पहिली पक्की आवृत्ती २००१ साली आली, त्यात या दोन्ही कल्पना नांदतात. वर, मूळ आवाजाच्या आकड्यांवरून काढलेला एक ठसा फ्लॅक फाइलीतच लिहिलेला असतो. कित्येक वर्षांनंतर फाइल उघडा, ठसा पुन्हा काढा. जुळला, तर एकही आकडा इकडचा तिकडे झालेला नाही.

निम्म्यावर समाधान नाही? मग आता आवाज फेकायला सुरुवात करावी लागेल.

मुंजे चौकात मेट्रोच्या पुलाखाली उभे राहा. समोर सिटी बसचा भोंगा वाजतोय आणि त्याच क्षणी शेजारचा मित्र काहीतरी पुटपुटतो. तुम्हाला ऐकू येत नाही. मायक्रोफोननं मात्र ते पुटपुटणं इमानेइतबारे टिपलेलं असतं. एमपी-थ्रीचा प्रश्न मोठा खट्याळ आहे : जे तुम्हाला ऐकूच येत नाही, ते लिहायचं कशाला?

मोठा आवाज आपल्या आसपासच्या कंपनसंख्येचे बारीक आवाज गिळतो. तो थांबल्यावरही क्षणभर कान बधिर राहतो. इथवर ठीक आहे. पण मोठा आवाज स्वतःच्या आधी, काही मिलिसेकंद आधी येऊन गेलेला बारीक आवाजही पुसून टाकतो! जे होऊन गेलं, ते नंतर आलेल्यानं कसं पुसलं? बारीक आवाज कानातून मेंदूपर्यंत जाऊन त्याचं 'ऐकणं' व्हायला वेळ लागतो, आणि मोठा आवाज तेवढ्यात त्याला गाठतो.

काय झाकलं जातंय हे कळण्यासाठी आवाज आधी कंपनसंख्यांनुसार विंचरावा लागतो. त्यामागचं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला, तर 'फारच सोपी कल्पना' म्हणून तो नाकारला गेला. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. आज तुमच्या फोनमधल्या जेपीजी फोटोत तेच गणित आहे, आणि १९८७ साली घडलेलं त्याचं सुधारित रूप एमपी-थ्रीत आहे. आवाज ५७६ पट्ट्यांत विभागला जातो. प्रत्येक पट्टीला विचारलं जातं, तू ऐकू येतेस का? किती? जी झाकली गेली तिला शून्य, जी अर्धवट झाकली तिला ओबडधोबड आकडे. सेकंदाला १२८ किलोबिटांची एमपी-थ्री सीडीच्या आवाजाच्या अकराव्या हिश्श्याएवढी होते. दहा भाग गेले आणि गाणं तरीही गाणंच राहिलं!

हे जमवताना जर्मनीतल्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांचा घाम काढला तो एका गाण्यानं. सुझान वेगा यांचं 'टॉम्स डायनर'. वाद्यं नाहीत, एकटा स्वच्छ गळा. सुरुवातीच्या एमपी-थ्रीनं त्या गळ्याची पार वाट लावली. एकट्या गळ्यात गोंगाट लपवायला आडोसाच नसतो! ब्रांडेनबुर्ग ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकत सूत्रं सुधारत गेले. पुढे १४ जुलै १९९५ रोजी फाइलीच्या नावामागे लागणारं एमपी-थ्री हे शेपूट ठरलं.

आपल्याकडे यापेक्षा कठीण परीक्षक आहे : खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांतली ती कडक थाप ऐका. क्षणापूर्वी शांतता आणि क्षणात टणत्कार. एमपी-थ्री आवाजाचे लहान तुकडे करून काम करते, आणि ओबडधोबड आकड्यांमुळे झालेला गोंगाट त्या अख्ख्या तुकड्यात पसरतो. म्हणजे थाप पडण्याआधीच तिची खरखर ऐकू येते! चांगलं सॉफ्टवेअर थाप येतेय हे आधीच ओळखतं आणि ५७६चा तुकडा सोडून १९२चे आखूड तुकडे वापरतं. बथ्थड सॉफ्टवेअरला ते वेळेवर जमत नाही. इथे पहिल्यांदा सॉफ्टवेअर-सॉफ्टवेअरमधला फरक कानाला कळतो.

मग त्या ओव्यांचं काय? व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ओपस नावाच्या फॉरमॅटमध्ये येतो, २०१२ साली प्रमाणित झालेल्या. त्याच्या पोटात दोन यंत्रणा आहेत. एक बोलण्यासाठी : ती पुढचा आकडा ताडते, अटल यांच्या मार्गानं. दुसरी संगीतासाठी : ती आवाज पट्ट्यांत विभागते, अहमद यांच्या मार्गानं. गरजेप्रमाणे ओपस एकीवरून दुसरीवर जातो, आणि एका पद्धतीत तर ८ हजार हर्ट्झच्या खाली पहिली आणि वर दुसरी अशा दोघी एकाच वेळी राबतात. कानपूर आणि बेंगळुरूची दोन डोकी गावाकडच्या मावशीच्या ओवीत भेटतात!

जुन्या बटणांच्या फोनवरचं रेकॉर्डिंग याहून काटकसरी. त्या एएमआर फाइलीत सेकंदाला फक्त ८,००० मोजण्या असतात आणि जास्तीत जास्त १२.२ किलोबिट. फोन तुमचा आवाज पाठवतच नाही म्हणा ना! दर २० मिलिसेकंदांनी तो घशाची-तोंडाची घडण कशी होती आणि तिला कसली धडक बसली, एवढं कळवतो. पलीकडचा फोन त्यावरून आवाज नव्यानं घडवतो. म्हणूनच फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणत वाजणारं संगीत इतकं केविलवाणं लागतं. यंत्र सतारीला घसा समजून बसलेलं असतं.

आता कन्व्हर्टरकडे वळू. पहिली गोष्ट : फाइलीचं शेपूट हे डब्याचं झाकण आहे, आतली भाजी नव्हे. एमपी-फोर, एम-फोर-ए, ऑग हे डबे आहेत, त्यांच्या आत एएसी, ओपस असे निरनिराळे पदार्थ असतात. फाइलीचं नाव बदलून 'डॉट एमपी-थ्री' केलं, तर झाकण बदललं, भाजी तीच. उलट, कधी कधी फक्त डबाच बदलायचा असतो. विदर्भ साहित्य संघातल्या व्याख्यानाचा व्हिडिओ तुमच्याकडे आहे आणि आवाज तेवढा हवाय. व्हिडिओत बहुधा एएसी आवाज असतोच. तो उचलून एम-फोर-ए डब्यात ठेवला, की तासाभराचं व्याख्यान काही सेकंदांत तयार, आणि नुकसान शून्य. ज्या सॉफ्टवेअरला हे कळत नाही, ते बिचारं सगळा आवाज उलगडून पुन्हा नव्यानं दाबत बसतं, वेळही घालवतं आणि आवाजही.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न : आत काय आहे हे ते सांगतं का, आणि न उलगडता नुसता डबा बदलू शकतं का? मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर कुठल्याही फाइलीची कुंडली मांडतं. डबा बदलण्यात वस्ताद आहे एफएफएमपेग.

या एफएफएमपेगची गोष्टही ऐकण्यासारखी. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी ते २००० साली सुरू केलं. हेच गृहस्थ २००९च्या अखेरीस साध्या डेस्कटॉप कॉम्प्युटरवर पायचे सुमारे २ लाख ७० हजार कोटी अंक काढून मोकळे झाले! जगातली असंख्य रंगीबेरंगी कन्व्हर्टर आतून हेच एफएफएमपेग चालवतात, आणि एमपी-थ्री बनवायला बहुतेक जण १९९८पासून घडत आलेलं लेम वापरतात. व्हीएलसीच्या पोटातही एफएफएमपेगचाच भाग आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरनं उतरतानाचं चित्रीकरण लहान करायला एफएफएमपेगच वापरलं. मंगळावर चालणारं सॉफ्टवेअर तुमच्या घरी फुकट! मग भपकेबाज खिडकीसाठी पैसे का मोजायचे?

एफएफएमपेगला आज्ञा टाइप करून द्याव्या लागतात. ते नको असेल, तर ढिगानं फाइली बदलायला फ्री-एसी आहे, विंडोजवर फूबार-२००० आहे. एखाददुसऱ्या फाइलीला व्हीएलसी पुरे. कॅसेट उतरवून खरखर कापायची असेल, तर ऑडॅसिटी. यांतलं कुठलंही घ्या, पण अधिकृत जागेवरून घ्या. आडवाटेच्या मोफत इन्स्टॉलरसोबत नको ती बांडगुळं येतात. आणि 'इथे फाइल टाका' म्हणणाऱ्या वेबसाइटवर घरातलं खासगी बोलणं टाकण्याआधी लक्षात ठेवा, ती फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाते.

दुसरा प्रश्न : मराठी नावं टिकतात का? एमपी-थ्रीच्या टोकाला चिकटवायचा १२८ बाइटचा जुना टॅग १९९६चा. त्यात गाण्याच्या नावाला जागा ३० बाइट. आजच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की वेलांटी, ३ बाइट खातं. 'सीताबर्डी' लिहून बघा : स, वेलांटी, त, काना, ब, र, हलन्त, ड, वेलांटी. नऊ चिन्हं, २७ बाइट. उरले फक्त तीन! नवे टॅग ऐसपैस असतात. जे सॉफ्टवेअर तुमच्या गाण्यांच्या नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं छापतं, त्याला नारळ द्या.

तिसरा प्रश्न सॉफ्टवेअरला नव्हे, स्वतःला विचारायचा : मी फेकलेलं परत मागतोय का? १२.२ किलोबिटांचं फोन-रेकॉर्डिंग ३२० किलोबिटांच्या एमपी-थ्रीत बदललं, तर फाइल सव्वीसपट फुगते. आवाज तसूभरही सुधारत नाही, कारण जे कधी लिहिलंच नाही ते येणार कुठून? ओपसची एमपी-थ्री करताना तर आधीच छाटलेल्या आवाजाला वेगळ्या हिशेबानं पुन्हा कात्री लागते. एकदा लागली तर कानाला कळतही नाही. एमपी-थ्रीची पुन्हा ओपस, तिची पुन्हा एमपी-थ्री असं करत गेलात, तर गळा चिरका होत जातो.

यातला फरक स्वतःच्या कानांनी ऐकायचाय? ऑडॅसिटीत एक डब्ल्यूएव्ही घ्या, खाली तिच्यापासून बनवलेली फ्लॅक. एकीची लाट उलटी करा, म्हणजे जिथे चढ तिथे उतार, आणि दोन्ही एकत्र वाजवा. काहीच वाजत नाही! प्रत्येक आकड्यानं आपल्या जोडीदाराला खोडलं. आता फ्लॅकच्या जागी एमपी-थ्री ठेवा. तिच्या सुरुवातीला किंचित रिकामी जागा भरलेली असू शकते, म्हणून दोन्ही काटेकोर जुळवा. आता जे सळसळतं, खुसफुसतं, अधूनमधून शब्दाच्या कडा दाखवतं, तो सगळा एमपी-थ्रीनं केलेला फेरफार. रायन मॅग्वायर या संगीतकारानं 'टॉम्स डायनर'मधून गळालेले असे आवाज जमवून त्यांचीच एक रचना केली.

हे खेळ म्हणून सोडू नका. दीक्षाभूमीच्या सोहळ्यात पुस्तकांच्या जोडीनं भीमगीतांच्या कॅसेटही हातोहात जायच्या. त्यातल्या कितीतरी आजही घराघरांतल्या कपाटांत आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यातल्या कितीतरी आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात गळ्यासकट ऐकता येतात. असे आवाज उतरवताना जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची संघटना किमान ४८,००० मोजण्या आणि २४ बिट सुचवते, आणि साठवण न छाटलेल्या स्वरूपात.

तेव्हा घरी इतकंच करा. कॅसेट उतरवताना आधी डब्ल्यूएव्ही आणि ठेवणीला फ्लॅक. स्पीकरसाठी, गाडीसाठी, नातेवाइकांसाठी तिच्यातूनच एमपी-थ्री, लेममध्ये व्ही-टू किंवा व्ही-झिरो पायरी निवडून, म्हणजे जिथे आवाज गुंतागुंतीचा तिथे ते आपणहून जास्त बिट खर्च करतं. व्हॉट्सॲपवर आलेली ओपस फाइल तीच मूळ, ती पुसायची नाही. एमपी-थ्रीची शेवटची पेटंटं २०१७पर्यंत संपली, उद्या आणखी हुशार फॉरमॅट येतील आणि कमी जागेत जास्त आवाज बसवतील. मूळ जपलेलं असेल, तर त्यांतल्या प्रत्येकाला पुन्हा कात्री न लागलेल्या आवाजापासून सुरुवात करता येईल.